परवाना, शिक्का आणि पंचवीस अक्षरे

परवाना या शब्दाशी आमच्या पिढीचे जुने नाते आहे. आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही, पण एके काळी घरात साधा रेडिओ वाजवायलाही सरकारचा परवाना लागत असे. दरवर्षी पोस्टात जायचे, पैसे भरायचे आणि एका लहानशा पुस्तिकेत त्याची नोंद करून आणायची. रेडिओ आपल्या पैशाने घेतलेला, वीज आपल्या पैशाची, कान आपले... पण ऐकण्याची परवानगी मात्र सरकारची! १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याचा हा प्रताप. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली तेव्हा आम्हाला वाटले, चला, सुटलो एकदाचे. घरात घेतलेल्या वस्तूसाठी पुन्हा कुणाची परवानगी मागायला नको.

पण तसे व्हायचे नव्हते. वीस वर्षेही झाली नसतील, घरात कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर नवा परवाना आला. हा पोस्टात मिळत नव्हता. तो सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीकडून मागून घ्यावा लागे, आणि तोही वर्षातून एकदा नव्हे, तर यंत्राच्या पोटातला एखादा भाग बदलला की पुन्हा.

हा विषय आज निघण्याचे कारण सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार कंपनीने बंद केला, आणि तेव्हापासून आमच्या नातेवाइकांचे फोन वाढले आहेत. "काका, कोपऱ्यात काहीतरी लिहून येतंय." "सर, दुकानदार म्हणतो नवीन टाकावं लागेल." निवृत्तीपूर्वी आम्हा शिक्षकांना एमएस-सीआयटीची परीक्षा द्यावी लागली होती. त्या भांडवलावर मी घराण्यातला संगणकतज्ज्ञ ठरलो आहे. (वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरे काय!) तेव्हा म्हटले, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे. आणि मी पडलो शिक्षक, त्यामुळे उपाय सांगण्याआधी इतिहास सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

सुरुवात आमच्या इतवारीपासूनच करतो. ही बाजारपेठ शिक्क्यांवर चालते. धान्याच्या ओळीत जा, वजनांवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. १९५६ च्या कायद्याने शेर, मण, तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले, ते आमच्या लहानपणी. नवी वजने आली तरी शिक्का राहिलाच, कारण गिऱ्हाइकाला मापात फसवले जाऊ नये हा त्यामागचा हेतू. सराफ्यात जा, तिथे आता हॉलमार्क आहे. सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली सुरू झाले, २०२१ पासून देशातल्या बऱ्याच जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. प्रत्येक दागिन्याचा क्रमांक वेगळा.

आता यातली गंमत लक्षात घ्या. वजनावरचा शिक्का आणि दागिन्यावरचा क्रमांक हे दोन्ही दुकानदाराची परीक्षा घेतात. माल खरा आहे की नाही, हे ते गिऱ्हाइकाला सांगतात. विंडोजच्या डब्यावरची पंचवीस अक्षरे उलट दिशेने काम करतात. ती गिऱ्हाईक खरे आहे की नाही, हे दुकानदाराला सांगतात. इतवारीतल्या कुठल्याही व्यापाऱ्याला ही कल्पना ऐकवा, तो हसेल. साडी घेऊन गेलेल्या बाईने दर वेळी नेसण्यापूर्वी दुकानात येऊन पावती दाखवावी, असे कुठे असते का?

पण साडी आणि सॉफ्टवेअर यांत एक मोठा फरक आहे, आणि सगळे रामायण त्यातूनच घडले. साडीची नक्कल करायला पुन्हा सूत लागते, माग लागतो, मजुरी लागते. सॉफ्टवेअरची नक्कल करायला एक कोरी सीडी आणि दहा मिनिटे पुरतात. आणि नक्कल ही अस्सलइतकीच अस्सल असते!

अगदी सुरुवातीला हा प्रश्न नव्हताच. मोठमोठी यंत्रे असत, आणि सॉफ्टवेअर त्यांच्याबरोबरच मिळे. सप्तपदीबरोबर अक्षता मिळाव्यात तसे. १९६९ साली आयबीएम या कंपनीने यंत्र वेगळे आणि सॉफ्टवेअर वेगळे विकायचे जाहीर केले, तेव्हापासून सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विकण्याची वस्तू होऊ लागली. पुढे १९७५ मध्ये आल्टेअर नावाचा लहान कॉम्प्युटर आला. त्यासाठी बिल गेट्स आणि त्याच्या सोबत्यांनी बेसिक ही भाषा तयार केली. ती हौशी मंडळींनी एकमेकांना वाटून टाकली. तेव्हा विशीत असलेल्या गेट्सने फेब्रुवारी १९७६ मध्ये या हौशी लोकांना एक जाहीर पत्र लिहिले. त्याचे म्हणणे असे, की आल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली आहे, आणि आमच्या मेहनतीचा हिशेब मांडला तर तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत. यंत्राचे पैसे देता, मग त्यात चालणाऱ्या बुद्धीचे का देत नाही, हा त्याचा प्रश्न होता. प्रश्न चुकीचा नव्हता. ज्या माणसाने रात्री जागून काही लिहिले, त्याला त्याचे मोल मिळायला हवे, हे मास्तरकी केलेल्या माणसाला कुणी वेगळे सांगायला नको.

मग कुलपांचा काळ आला. काही कंपन्यांनी अशा फ्लॉपी काढल्या की त्यांची प्रत निघू नये. काहींनी डोंगल काढले. आमच्याकडच्या छापखान्यांत गेलेल्यांना ते आठवत असेल. श्रीलिपीसारखे सॉफ्टवेअर चालवायचे तर कॉम्प्युटरच्या मागे काडेपेटीएवढी एक वस्तू जोडावी लागे. ती काढली की मराठी बंद! छापखान्याचा मालक रात्री घरी जाताना गल्ल्याची किल्ली आणि डोंगल अशा दोन वस्तू बरोबर नेत असे.

विंडोज ९५ आणि ९८ ला मात्र असे कुलूप नव्हते. एक किल्ली टाकली की झाले, आणि तीच किल्ली हजार ठिकाणी चाले. हे बदलले ते २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीने. त्याच वर्षी आधी ऑफिस एक्सपी आले होते, त्यातही ही पद्धत होती. तिचे नाव अॅक्टिव्हेशन. मराठीत 'कार्यान्वयन' म्हणता येईल, पण मला 'जिवंत करणे' हा शब्द जास्त पटतो. कारण एक्सपी टाकल्यावर तीस दिवसांत ते केले नाही तर कॉम्प्युटर आत घेतच नसे.

हे चाले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. पाच-पाच अक्षरांचे पाच गट, अशी पंचवीस अक्षरांची किल्ली. तुमच्याकडे एखादा जुना डबा असेल तर काढून बघा. त्या किल्लीत इंग्रजीतला एकही स्वर सापडणार नाही. शून्यही नाही आणि एकही नाही. एकूण चोवीसच चिन्हे वापरलेली. कारण साधे आहे. ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच यांत वाचणाऱ्याचा घोळ होतो. ज्याने ही किल्ली तयार केली त्याने मुलांच्या वह्या तपासल्या असाव्यात, असे मला नेहमी वाटते!

किल्ली टाकली की एक्सपी तुमच्या यंत्रातल्या दहा गोष्टी पाही. प्रोसेसर कोणता, हार्ड डिस्क कोणती, मेमरी साधारण किती, डिस्प्ले कार्ड, नेटवर्क कार्ड, सीडी ड्राइव्ह वगैरे. त्यावरून यंत्राची एक ओळख तयार होई. माणसाच्या बोटाच्या ठशासारखी. किल्ली आणि ठसा यांची जोडी कंपनीकडे नोंदली जाई. पुढे थोडाफार बदल केला तर चाले, नेटवर्क कार्ड तेच राहिले तर आणखी सूट मिळे. पण बरेच भाग एकदम बदलले, तर यंत्राला वाटे आपण दुसऱ्याच घरात आलो, आणि पुन्हा परवानगी मागावी लागे. आमच्याकडे उन्हाळ्यात विजेचा दाब वर-खाली होऊन मदरबोर्ड जळणे ही नित्याची गोष्ट. मदरबोर्ड गेला की त्याच्याबरोबर त्यावरचे बरेचसे भागही बदलत. म्हणजे गरिबाच्या घरी चोरी व्हावी आणि वर पोलिसांनी त्यालाच घर तुझे कशावरून असे विचारावे, तसा प्रकार.

इंटरनेट नसलेल्यांसाठी फोनची सोय होती. पडद्यावर पन्नासच्या आसपास अंक गटागटाने दिसत, ते फोनवर सांगायचे. पलीकडून बेचाळीस अंक मिळत, ते टाकायचे. आमच्या घरी मी पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचायचो आणि सौ. फोनवर दाबायची. शेजारच्या घरातली पोरे खिडकीशी येऊन ऐकत उभी राहत, सर पाढे म्हणून राहिले काय म्हणून!

आता ब्लॉगवाल्या मित्रांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट. आपण देवनागरीत लिहू लागलो त्याचा आणि या परवान्याचा घट्ट संबंध आहे. युनिकोडमधली देवनागरी विंडोज २००० आणि एक्सपीपासून नीट दिसू लागली. त्यांच्याबरोबर आलेला मंगल हा फाँट प्रा. र. कृ. जोशी यांनी केलेला. बरहा, गमभन यांसारखी साधने आली आणि २००४-०५ च्या सुमारास मराठी माणसे भराभर लिहू लागली. पण एक्सपीत मराठी नीट दिसायची तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे. ती खूण केली की यंत्र म्हणे, विंडोजची सीडी घाला. आणि नेमकी तीच कुणाकडे नसे!

नसणारच. त्या काळी बहुतेक घरांत कॉम्प्युटर येई तो जुळवलेला. सुटे भाग घ्यायचे, दुकानातल्या पोराने ते बसवायचे, आणि जाता जाता विंडोज 'टाकून द्यायचे'. बिलात त्याचा उल्लेख नसे. मूळ विंडोजची किंमत काही हजारांत, आणि पोराची मजुरी काही शेकड्यांत. "सर, ओरिजनल कोन टाकते इथं?" हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. त्यात लबाडी नव्हती. लायसन्स नावाची काही वस्तू असते आणि ती वेगळी विकत घ्यायची असते, हे ना पोराला ठाऊक होते ना गिऱ्हाइकाला. मोठ्या संस्थांसाठी काढलेली, अॅक्टिव्हेशन न लागणारी एक किल्ली एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटली होती आणि जगभर पसरली होती. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ती अडवली, तोवर दुसऱ्या निघाल्या.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांच्या बीएसए या संघटनेने २००५ साली भारतातल्या विनापरवाना सॉफ्टवेअरचे प्रमाण ७२ टक्के सांगितले होते. २०११ मध्ये ते ६३ आणि २०१७ मध्ये ५६ टक्के झाले. आकडे विकणाऱ्यांच्याच संघटनेचे, हे ध्यानात ठेवूनही चित्र स्पष्ट आहे. आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने कॉम्प्युटर प्रोग्रॅमचा समावेश झाला, तोही 'साहित्यकृती' म्हणून. पुढे जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, असे ६३-ब हे कलम आले. कायद्याच्या दृष्टीने विंडोज आणि कादंबरी एकाच फडताळात! पण कादंबरी वाचण्याआधी ती लेखकाला फोन लावून विचारत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि कंपनीलाही सगळे ठाऊक होते. १९९८ साली अमेरिकेत एका विद्यापीठात बोलताना खुद्द गेट्स म्हणाला होता, की चीनमधले लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, सवय लागली की पुढे वसुलीचे बघू. सवय लागली. वसुलीही सुरू झाली. २००५ पासून कंपनीच्या संकेतस्थळावरून काही उतरवून घ्यायचे तर आधी विंडोज अस्सल असल्याची तपासणी सक्तीची झाली. २००७ च्या व्हिस्टात परवाना नसला तर तासाभरापुरते महाजाल बघता येई, बाकी सारे बंद. पुढच्या वर्षी ते मागे घेतले. २००८ मध्ये नकली एक्सपीच्या पडद्याची पाठ दर तासाला काळी होऊ लागली. चीनमध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला. आणि ऑगस्ट २००७ मध्ये तर कंपनीच्याच सर्व्हरमध्ये बिघाड झाला आणि रीतसर पैसे भरलेल्या हजारो लोकांना तुमचे विंडोज नकली आहे, असे ऐकून घ्यावे लागले.

या सगळ्याचा सर्वांत वाईट परिणाम काय झाला असेल, तर भीती. पडदा काळा होईल म्हणून लोकांनी अपडेट बंद करून टाकले. दुकानातला पोरगाच सांगे, "अपडेट करू नका, उडून जाईल." वास्तविक सुरक्षेची तातडीची अपडेट कंपनी नकली प्रतींनाही स्वयंचलित मार्गाने देत होती. पण घाबरलेला माणूस औषध आणि विष यांत फरक करीत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाची कीड जगभर पसरली, फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागली. तिच्यावरचा उपाय कंपनीने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांची घरे लुटली गेली.

पण लुटायला दर वेळी परदेशी कीडच लागते असे नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी दोन वर्षे खपून आपल्या खेड्याच्या आठवणी मराठीत टंकल्या होत्या. शंभरेक पाने असतील. एक दिवस पडद्यावर अॅक्टिव्हेशनची सूचना आली. ते यंत्र घेऊन एका दुकानात गेले. दुकानदाराने 'दुरुस्त' करून दिले, म्हणजे हार्ड डिस्क पुसून नवे विंडोज टाकले. सूचना गेली. शंभर पानेही गेली. त्यांनी मला विचारले, "सर, परवाना विंडोजचा संपला होता, माझं लिखाण का गेलं?" या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? त्या आठवणी त्यांनी पुन्हा लिहिल्या नाहीत.

म्हणून सगळ्या नातेवाइकांना आणि मित्रांना हात जोडून सांगतो, की पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, घाबरू नका. विंडोज १० किंवा ११ मध्ये 'अॅक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरे कोपऱ्यात आली, तरी तुमच्या फायली जागच्या जागी असतात आणि यंत्रही चालते. पडद्याचा रंग, चित्र वगैरे बदलता येत नाही, एवढेच. कुणाच्याही हाती यंत्र देण्यापूर्वी फोटो आणि लिखाण पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि मला विचारल्याशिवाय फॉरमॅट या शब्दाला हो म्हणू नका.

दुसरी गोष्ट, आपला परवाना कोणत्या जातीचा ते ओळखा. सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशन या पानावर ते लिहिलेले असते. लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्या लॅपटॉपपुरताच असतो, दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. पण २०१२ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये किल्ली मदरबोर्डातच कोरलेली असते, त्यामुळे विंडोज पुन्हा टाकले तर ते आपोआप ओळख पटवते. दुकानातून वेगळा विकत घेतलेला परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. त्याचा डबा आणि बिल जपून ठेवा, सोन्याच्या पावतीशेजारी.

तिसरी गोष्ट, २०१६ पासून परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडता येतो. तो आधीच जोडून ठेवा. मग मदरबोर्ड बदलला तरी त्याच पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये जाऊन 'अलीकडे यंत्राचे भाग बदलले' असे सांगितले, की बहुधा काम होते.

चौथी गोष्ट, दोन-चारशे रुपयांत महाजालावर मिळणाऱ्या किल्ल्या आणि फुकटचे 'अॅक्टिव्हेटर' यांच्या वाटेला जाऊ नका. तसल्या किल्ल्या बरेचदा कुठल्या तरी संस्थेच्या असतात आणि केव्हाही बंद पडतात. अॅक्टिव्हेटर चालवायचा तर अँटिव्हायरस बंद करा असे सांगतात. चोराने सांगावे कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण बांधावा!

पाचवी गोष्ट, ज्यांचे यंत्र विंडोज ११ साठी जुने ठरले आहे, त्यांनी ते भंगारात घालू नये. विंडोज १० साठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची जादा अपडेट घेता येतात. त्यानंतर लिनक्स आहेच. तो फुकट आहे, त्याला किल्ली लागत नाही, आणि त्यात देवनागरी झकास चालते. आपल्याच सी-डॅकने बॉस नावाचा लिनक्स काढला आहे. केरळातल्या सरकारी शाळांत तर कितीतरी वर्षांपासून मुले लिनक्सवरच शिकतात. आपल्याकडच्या शाळांनी हा धडा गिरवला असता तर एका पिढीला 'टाकून देणे' हा शब्द शिकावा लागला नसता, असे मला शिक्षक म्हणून वाटते.

कंपनीची बाजू मी समजू शकतो. केलेल्या कामाचे दाम घेणे हा तिचा हक्क आहे आणि ते देणे हे आपले कर्तव्य आहे. पण विकत घेतलेली वस्तू आणि वापरण्याची परवानगी यांतला फरक विकणाऱ्याने विकतानाच, घेणाऱ्याच्या भाषेत सांगायला हवा. इतवारीतला जुना व्यापारी माल देताना सांगायचा, हा पक्का आहे, हा कच्चा आहे, हा परत घेणार, हा नाही. तेवढे एक वाक्य आमच्या कॉम्प्युटरच्या बाजारात कधी कुणी बोलले नाही.

असो. लेख लांबला. तुमच्याकडे एक्सपीच्या काळातली जुनी सीडी किंवा किल्लीचे स्टिकर असेल, किंवा रेडिओच्या परवान्याची पुस्तिका आजोबांच्या ट्रंकेत सापडली असेल, तर जरूर कळवा. आणि सर्वांत आधी, आज रात्री जेवणापूर्वी, आपले लिखाण पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. एवढा गृहपाठ माझ्याकडून.